नर्मदा एक दिवसाआड

आमच्या कॉलनीत नर्मदा एक दिवसाआड येते,
पहाटे पावणेपाचला, चाळीस मिनिटं.
नळाला आधी खोकला येतो,
मग गढूळ थुंकी, मग ती.
एकोणीस वर्षं मी तिच्या आधी उठते आहे.

गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी, खाली चार माणसं.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
बाथरूमच्या दाराशी भांडण ठरलेलं.
मृण्मयीचे केस, निनादचे चिखलाचे मोजे,
"दीदी, एक बाल्टी तर सोड!"
आणि पेपरातून मान वर न काढता हे:
"जपून. अजून रात्र काढायची आहे."
मी वर जाऊन टाकीवर बोटाची पेरं वाजवायची.
टण् वाजलं तिथवर रिकामी,
ठप् वाजलं तिथून पाणी.

जूनमध्ये मृण्मयी पुण्याला गेली,
तीन इमलीवरून, रात्रीच्या बसने.
लोणचं नको म्हणाली, जीरावणाची पुडी तेवढी नेली.
वाटलं होतं, रडेन.
पण बस सुटेपर्यंत मी क्लीनरशी भांडत होते,
एका बॅगेचे शंभर कसले मागतोस म्हणून.
पन्नासावर आणला त्याला.
वळून पाहिलं तर
मागचा लाल दिवा चौकातून वळत होता.

आठवडाभराने टाकी वाजवली.
दुसरा दिवस, संध्याकाळ, आणि
निम्म्याच्याही वर ठप्.
मला वाटलं, बोटं चुकली.

दिवाळीला आली ती "आई" म्हणत.
अठरा वर्षं मम्मी होते मी.
"करून राहिली नाही गं, करते आहे.
तिकडे हसतात."
हसू देत, मी म्हटलं,
आपलं मराठी माळव्याचं पाणी प्यालेलं आहे.
म्हटलं खरं,
पण आता फोन उचलण्याआधी
मी वाक्य मनात एकदा चाळून घेते.
मग फेब्रुवारीत एकदा, फोन कानाशी असतानाच,
ती तिकडे कुणा रिक्षावाल्यावर उखडली:
"अरे क्या भिया, पागल समझ रखा है क्या!"
मी तो अख्खा दिवस खुशीत होते.
ऑफिसात सगळ्यांना कचोरी खिलवली,
कारण विचारलं तर सांगता येईना.

निनादने कोचिंगचा फॉर्म फाडला नाही,
नीट घडी घालून यांच्या डब्याखाली ठेवला,
कोरा.
पिथमपूरला डबा उघडल्यावर यांना काय वाटलं
ते मला अजून माहीत नाही.
तीन दिवस घरात फक्त कुकर बोलला.
चौथ्या दिवशी हे म्हणाले,
"कॉमर्स तर कॉमर्स. हिशोब तरी शिकेल."
आणि त्याला स्कूटीची किल्ली दिली.

पाण्यासाठीचं "जपून" यांनी केव्हाच सोडलं होतं.
आता ते फाटकाशी उभे राहून म्हणतात,
स्कूटी बायपासकडे वळली,
ऐकू जाणार नाही इतकी लांब गेली, तरी.

एप्रिलमध्ये एका पहाटे मला जाग आली नाही.
उठले तेव्हा पाच वाजून दहा झालेले,
आणि मोटार चालू.
धावत वर गेले तर निनाद,
हाफ पँट, दातात टॉर्च,
टाकीला कान लावून
माझ्यासारखीच पेरं वाजवतोय.
कधी शिकला? मी तर कुणाला शिकवलं नव्हतं.
"झोप ना मम्मी. भरत आली."
मग टॉर्च हातात घेऊन, हिशोबी आवाजात:
"जुलैनंतर मीही नाही. तुम्ही दोघंच.
पाचशेची टाकी पुरेल तुम्हाला. ही विकून टाकू."

पुरेल, मी म्हटलं.
जिना उतरले, चहा ठेवला,
आलं किसलं, चार कप काढले,
दोन परत ठेवले, एक पुन्हा काढला.

मागच्या भिंतीपलीकडून राठौर भाभी ओरडत होत्या,
"मोटर बंद करो, हमारे पापड़ भीग रहे हैं!"